शब्द काढले, गोष्ट राहिली

(सानगडी, जि. भंडारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय ऐकून वाटेत दोघा-तिघांनी मला विचारलं, “सर, तत्त्वज्ञान सोडलं का?” सोडलं नाही. जो प्रश्न इतकी वर्षं वर्गात शिकवला, तोच आज वेगळ्या वाटेनं घेऊन आलो आहे. प्रश्न साधा आहे. ज्या संगीतात एकही शब्द नाही, ते आपल्याला काही सांगतं का? आणि सांगत असेल तर कसं?

आधी एक प्रयोग करू. मी दोन मिनिटांचा एक तुकडा लावतो. कोणाचा, कुठला, कधीचा, काही सांगणार नाही. डोळे मिटलेत तरी चालेल, पण मोबाईल खिशात ठेवा.

(येथे सुमारे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले.)

बरं, काय वाटलं? बोला, लाजू नका.

(श्रोत्यांतून उत्तरे आली : “पहाट झाली जी.” “पानी आहे, मोठ्या तलावाचं.” “कोणीतरी येणार आहे असं वाटते.” “मला तं झोप आली सर.” हशा.)

झोप आली हेसुद्धा उत्तर आहे, मी लिहून घेतो! आता बघा, कोणी इंग्लंड म्हणालं नाही, कोणी युद्ध म्हणालं नाही, कोणी हंस म्हणालं नाही. पण पहाट, पाणी आणि कोणाची तरी चाहूल, एवढं तुम्ही ऐकलंत. या तुकड्याचं नाव आहे ‘द ग्रेट मार्श’, म्हणजे मोठी दलदल. समुद्राकाठची, ओसाड, पाखरांनी भरलेली. तुमचं उत्तर फार चुकलं असं मी म्हणणार नाही. पूर्ण बरोबर आलं असंही म्हणणार नाही. हे जे मधलं अंतर आहे ना, त्याच्याबद्दलच आज बोलायचं आहे.

हा तुकडा ज्या अल्बमातला आहे त्याचं नाव ‘द स्नो गूज’. कॅमल नावाच्या इंग्रज बँडनं तो 1975 साली काढला. बँडमध्ये चौघे होते. गिटार आणि बासरी वाजवणारा अँड्र्यू लॅटिमर, कीबोर्डवर पीटर बार्डेन्स, बेस गिटारवर डग फर्ग्युसन आणि ड्रमवर अँडी वॉर्ड. सोबत वाद्यवृंद होता, त्याची रचना डेव्हिड बेडफर्ड या संगीतकारानं केली. साधारण 43 मिनिटांचं संगीत, 16 तुकडे, एकमेकांत मिसळत जाणारे. गाण्याचे बोल एकही नाहीत. एका तुकड्यात माणसाचा आवाज येतो, पण तोही शब्दाशिवाय, नुसता स्वरांवर. आपल्याकडे तराण्यात असतो ना, काहीसा तसा.

यामागे एक गोष्ट आहे, ती थोडक्यात सांगतो. पॉल गॅलिको या अमेरिकन लेखकाची छोटीशी कादंबरिका, 1941 साली पुस्तकरूपानं आली. एसेक्सच्या किनाऱ्यावर, दलदलीतल्या एका पडीक दीपगृहात रायाडर नावाचा चित्रकार राहतो. पाठीला कुबड, एक हात वाकडा. लोक त्याला टाळतात, म्हणून तो पाखरांत राहतो. एक दिवस फ्रिथा नावाची मुलगी भीतभीत त्याच्याकडे येते. तिच्या हातात शिकाऱ्याच्या गोळीनं जखमी झालेला एक हिमहंस असतो, वादळात भरकटून पार कॅनडाकडून आलेला. रायाडर त्याला बरा करतो. हंस उडून जातो, हिवाळ्यात परत येतो, आणि तो आला की मुलगीही येते. मग 1940 साल उजाडतं. फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावर सैन्य अडकतं. तिथून त्या वेळी 3 लाख 38 हजारांच्या आसपास सैनिक बाहेर काढले गेले, त्यात लहान लहान नावाही धावल्या होत्या. रायाडर आपली छोटी होडी घेऊन जातो, सैनिकांच्या खेपा करतो आणि तिथंच मरतो. हंस एकटा परत येतो, दीपगृहावर एक फेरी मारतो आणि निघून जातो. फ्रिथाला जे समजायचं ते समजतं.

आता गंमत अशी, की हा अल्बम शब्दांशिवाय करायचा असं बँडनं तत्त्व म्हणून ठरवलं होतं का? तर नाही. आदल्या वर्षीच्या अल्बमात त्यांनी टॉल्किनच्या कथेवर एक लांब रचना केली होती, ती गायली होती. इथंही शब्द वापरायचा विचार होता. पण लेखकाकडून हरकत आली, पुस्तकातले शब्द वापरता येईनात. मुखपृष्ठावरसुद्धा ‘द स्नो गूजवरून प्रेरित संगीत’ अशा अर्थाची ओळ घालावी लागली. म्हणजे शब्द हातातून काढून घेतले गेले, आणि मग उरलेल्या साधनांत गोष्ट सांगायची वेळ आली. अडचणीतून उभा राहिलेला हा प्रयोग आहे, म्हणून तो मला जास्त शिकवतो.

त्या काळी इंग्लंडमध्ये या प्रकारच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत. ‘प्रोग’ असं लाडाचं नाव. रेडिओवरचं गाणं तीन मिनिटांचं असायचं. पण मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावतात. तरुण वादकांनी विचार केला, एवढी जागा आहे तर सिंफनीसारखी लांब रचना का करू नये? किंग क्रिमसनचा पहिला अल्बम 1969 चा. येसची ‘क्लोज टू द एज’ ही 1972 ची रचना अठरा मिनिटांच्या वर जाते. रिक वेकमननं 1973 साली आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांवर वाद्यसंगीताचा अल्बम केला. त्याच वर्षी माईक ओल्डफिल्डचा ‘ट्युब्युलर बेल्स’ आला, त्यातली बहुतेक वाद्यं त्या कोवळ्या पोरानं एकट्यानं वाजवली होती. आणि वाद्यवृंद परवडत नसेल तर मेलोट्रॉन नावाचं यंत्र होतं. दिसायला आपल्या ऑर्गनसारखं, पण प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा. पट्टी दाबली की त्यावर आधीच भरून ठेवलेला व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर वाजायचा, तोही आठेक सेकंद. मग फीत संपायची, बोट उचलायचं, फीत मागे जायची आणि पुन्हा दाबायचं.

या पंथातल्या ज्या शाखेनं सिंफनीची बांधणी जवळ केली, तिला पुढे सिंफनिक प्रोग हे नाव पडलं. सिंफनीची बांधणी म्हणजे काय? आपल्या रागसंगीतात एक राग घेऊन त्याचा विस्तार करत जातात. सिंफनीत सुरावटी असतात, एखाद्या पात्रासारख्या. त्या येतात, बदलतात, एकमेकींना भिडतात, हरवतात आणि परत येतात. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतली ती चार स्वरांची धडक तुम्ही कुठेतरी ऐकलीच असेल. ती सुरुवातीला येते आणि नंतर रूप पालटून पुढच्या भागांतही डोकावत राहते. बर्लिओझ या फ्रेंच संगीतकारानं 1830 मध्ये प्रेयसीसाठी एक सुरावट ठरवून टाकली, आणि सिंफनीच्या पाचही भागांत ती वेगवेगळ्या रूपांत फिरवली. कथा कळावी म्हणून त्यानं श्रोत्यांच्या हातात छापील कागदही दिला होता.

इथं आमचे तत्त्वज्ञ भांडायला उठतात. एडुआर्ट हान्सलिक हा व्हिएन्नाचा टीकाकार. त्याचं 1854 चं छोटं पुस्तक सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात हमखास असतं. तो म्हणतो, संगीत कोणतीही गोष्ट सांगत नाही, कोणती ठरावीक भावनाही दाखवत नाही. संगीताचा आशय म्हणजे सुरांची हलती आकृती, बस. त्याचा एक दाखला फार मार्मिक आहे. ग्लुकच्या ऑपेरात नायक आपली प्रिया गेली म्हणून शोकगीत गातो, आणि ऐकणारे डोळे पुसतात. हान्सलिक सांगतो, त्याच चालीवर ‘प्रिया मला सापडली’ असे शब्द बसवून बघा, ते तितकेच चपखल बसतात! मग दुःख चालीत होतं की शब्दांत? आपल्याकडेसुद्धा सिनेमाच्या चालीवर भजन म्हणतात, आणि भजनात कोणाला सिनेमा आठवत नाही.

मी वर्षानुवर्षं हान्सलिक शिकवला, आणि खरं सांगतो, त्याच्या बाजूनं शिकवला. युक्तिवाद बिनतोड वाटायचा. मुलं विचारायची, “सर, मग बासरी ऐकून गलबलून का येतं?” मी म्हणायचो, “तो तुझा प्रश्न आहे, बासरीचा नाही.” वर्ग हसायचा आणि तास संपायचा. आज वाटतं, ते उत्तर नव्हतं, सुटका होती.

माझे थोरले बंधू, आम्ही दादा म्हणायचो, झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवायचे. तुम्हाला झाडीपट्टी काय सांगायची! दिवाळी झाली, मंडई भरली, शंकरपट लागले की रात्र रात्र नाटक. मी शाळकरी वयात दादांच्या मागे जाऊन बसायचो. एका नाटकात पहिल्या अंकात पोरगी सासरी निघते, तेव्हा दादा एक चाल वाजवायचे. बायका पदर डोळ्यांना लावायच्या, पण हसतमुखानं. शेवटच्या अंकात बाप मरतो आणि ती माहेरी धावत येते, तेव्हा तीच चाल, जरा खालच्या पट्टीत, संथ. नटाच्या तोंडून शब्द निघायच्या आधीच मांडवात हुंदके. मी विचारलं, “दादा, चाल तर तीच होती ना?” ते म्हणाले, “चाल तीच आहे रे. पण ऐकणारे आता ते नाहीत. मधात दोन अंक गेले.”

पन्नास वर्षं हे वाक्य माझ्याजवळ पडून होतं आणि मी हान्सलिक शिकवत होतो.

पुढे दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ‘पाणी’ एवढा शब्द ओठांवर येईना. पण एका संध्याकाळी मी उशाशी बसलो असताना ते गुणगुणायला लागले. तीच चाल. सूर न् सूर जागेवर. असं होतं, डॉक्टरांना ते नवीन नाही. बहुतेक माणसांत बोलण्याची केंद्रं मेंदूच्या डाव्या भागात असतात, गाण्याला उजव्या भागाचीही साथ असते, त्यामुळे बोलणं गेलेला माणूस कधीकधी गुणगुणू शकतो. मला ते वाचून माहीत होतं. पण उशाशी बसलेल्या माणसाला वाचलेलं पुरत नाही.

आता विचार करा, दादांनी मला काय सांगितलं? हान्सलिक म्हणेल, काही नाही. आणि त्याचं अर्धं खरं आहे. सुरांनी पाणी मागता येत नाही. त्यासाठी ते बोटानं तांब्या दाखवायचे. पण त्या चालीत मांडव होता, पेट्रोमॅक्सचा उजेड होता, आम्ही दोघं होतो आणि मधे गेलेले सगळे अंक होते. त्यांनी हे सांगितलं नाही. पण मला कळलं.

‘सांगणं’ आणि ‘कळणं’ यांतला हा फरक आपल्याकडे फार पूर्वी कोणी तरी नीट मांडून ठेवला आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन होऊन गेला. त्याचा ‘ध्वन्यालोक’. शब्दाला वाच्यार्थ असतो, लक्ष्यार्थ असतो, आणि त्यापलीकडे व्यंग्यार्थ असतो, जो सुचवला जातो. विरोधक त्याला म्हणतात, सुचवणं हे वेगळं काही नाही, शब्दाच्या अर्थाचंच ते शेपूट आहे. तेव्हा आनंदवर्धन उत्तर देतो की गाण्याचे नुसते सूर बघा. त्यांना वाच्यार्थ अजिबात नाही, तरी त्यांच्यातून रस प्रतीत होतो. तेव्हा सुचवण्याची शक्ती सांगण्याच्या शक्तीवर अवलंबून नाही. हान्सलिकच्या हजार वर्षं आधी त्याच मुद्द्याची दुसरी बाजू मांडून झाली होती, आणि मी दोन्ही पुस्तकं एकाच कपाटात ठेवून शिकवत होतो!

पण सुचवतं म्हणजे नेमकं काय घडतं? ‘स्नो गूज’ इथं उपयोगी पडतो. रायाडरची एक सुरावट आहे, बासरीवर येते, चालती-फिरती, जरा एकलकोंडी. पुढच्या तुकड्यात तो गावात जातो, तेव्हा गिटार पुढे येते. मग मुलगी येते, हंस बरा होतो, मैत्री जुळते, स्थलांतराची वेळ होते, आणि हंस गेल्यावर एक छोटा तुकडा आहे, ‘रायाडर एकटा’. ओळखीचीच सुरावट, पण संथ. पहिल्यांदा ऐकली तेव्हाही हा माणूस एकटाच होता. मग आताचं एकटेपण वेगळं का वाटतं? कारण मधे कोणी तरी येऊन गेलं. सुरांनी ‘एकटा’ हा शब्द उच्चारला नाही. त्यांनी आधी सोबत दिली आणि मग काढून घेतली. दादांचं वाक्य आठवा, मधात दोन अंक गेले.

पुढे डंकर्क. तिथं वाद्यवृंद हळूहळू चढत जातो, लष्करी पावलांसारखा. मग मृत्यूनंतरची शांतता, फ्रिथा एकटी. त्यानंतर जो तुकडा येतो त्याचं नाव फ्रेंचमध्ये आहे, अर्थ ‘हरवलेली राजकन्या’. रायाडरनं हंसाला लाडानं ठेवलेलं हे नाव. त्यात आधीच्या सुरावटी भरून येतात, जणू उडणारं पाखरू खाली सगळा प्रदेश पुन्हा एकदा बघतंय. आणि शेवटी पुन्हा तीच मोठी दलदल, जी तुम्ही सुरुवातीला ऐकलीत.

कोणी विचारेल, सर, हे सगळं तुकड्यांची नावं वाचून तुम्ही घातलं त्यात. नावं झाका, मग बघू. रास्त शंका आहे, म्हणून तर सुरुवातीला मी नाव झाकून ऐकवलं. माझं म्हणणं असं : हंस आणि डंकर्क हे नावांनी सांगितलं, ते सुरांना जमत नाही. पण कोणी तरी होतं, गेलं, आणि जागा तीच असून तशी राहिली नाही, हे सुरांनी केलं. नाव दिशा दाखवतं, चालणं सुरांचंच असतं. नुसत्या नावांची यादी वाचून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

आपल्या भागातल्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. नवेगावबांधचा तलाव इथून लांब नाही. मारुती चितमपल्लींनी तिथल्या दिवसांवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. हिमहंस आपल्याकडे येत नाही, पण डोक्यावर काळे पट्टे असलेला हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर उतरतो. तलावाकाठच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, दरवर्षी तीच पाखरं, त्यात बघायचं काय? तो म्हणेल, पाखरं तीच, पण मागच्या वर्षी सोबत बघणारा यंदा नाही. पाखरू परत येतं तेव्हा वर्ष मोजलं जातं. सुरावटीचंही तसंच आहे.

म्हणून मी दोन शब्दांत फरक करतो. पुनरावृत्ती आणि पुनरागमन. तीच गोष्ट पुन्हा झाली की पुनरावृत्ती. तीच गोष्ट मधलं सगळं सोबत घेऊन आली की पुनरागमन.

आजही जगभर तरुण मुलं सत्तरच्या दशकातल्या या सिंफनिक प्रोगच्या धर्तीवर अल्बम काढतात, कित्येक नुसते वाद्यांचे. त्यांना टोमणा मारतात, की नाव ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे पुढे जाणारं, आणि तुम्ही तर पन्नास वर्षं मागे चाललात! टोमण्यात तथ्य आहे. जुन्या मेलोट्रॉनचा आवाज आणला, विषम मात्रांचे ताल आणले, वीस मिनिटं लांबी आणली, म्हणजे झालं असं नाही. ती पुनरावृत्ती. पण आपल्याकडे घराणं असतं. गुरूची बंदिश शिष्य गातो, त्याला कोणी नक्कल म्हणत नाही, जर त्यात शिष्याचे स्वतःचे दिवस उतरले असतील तर. कसोटी एकच : मधे काही गेलं आहे का?

याचं उदाहरण याच अल्बमानं दिलं. 1975 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कॅमलनं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर हे संगीत वाजवलं. पुढे वारं बदललं, पंक आलं, लांब रचना लोकांना जुनाट वाटायला लागल्या. बँडमधले लोक पांगले. पीटर बार्डेन्स 2002 साली वारला. लॅटिमर दीर्घ आजारातून उठला आणि 2013 साली त्यानं हा अख्खा अल्बम पुन्हा नव्यानं वाजवून ध्वनिमुद्रित केला. पहिल्या वेळी तो पंचविशीत होता, दुसऱ्या वेळी 64 वर्षांचा. दोन्ही शेजारी ठेवून ऐका. सुरावटी त्याच. कोणाला पहिला आवडेल, कोणाला दुसरा, त्यावर मी मत देत नाही. पण पंचविशीतल्या मुलानं वाजवलेला ‘एकटा’ आणि सोबतचा माणूस गेल्यावर म्हाताऱ्यानं वाजवलेला ‘एकटा’ या दोन गोष्टी आहेत.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. हे संगीत तीस सेकंदांत कळत नाही. ते वाईट आहे म्हणून नव्हे, तर परत येण्यासाठी आधी जावं लागतं, आणि जायला वेळ लागतो. तुकडा तोडून ऐकला तर पुनरागमन घडतच नाही, नुसती एक चाल उरते. आपल्या झाडीपट्टीतही मागच्या वादकाला आता घाई करायला लावतात, प्रवेशांमधली वाजवणी कापतात. मला भीती तीच वाटते. कापलेल्या जागेत शब्द नव्हते, म्हणून कोणाचं काही गेलं असं वाटत नाही. पण मधले अंकच काढले, तर शेवटी बाप मेल्यावर चाल कोणाला रडवणार?

तेव्हा एक विनंती. एखाद्या रात्री जेवणं आटोपल्यावर 43 मिनिटं काढा आणि हा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. नावं वाचली नाहीत तरी चालेल.

आता शेवटचा तुकडा लावतो, सव्वा मिनिटाचा आहे. सुरुवातीची तीच दलदल. या वेळी मी काही विचारणार नाही. मधल्या तासाभरात एक गोष्ट ऐकून झाली आहे, एवढंच लक्षात ठेवा.

(येथे अखेरचा तुकडा ऐकवण्यात आला व व्याख्यान संपले.)